व्हीगन लेक, कोशर वडील आणि कोल्हापुरातलं चार दिवसांचं जेवण

प्रश्न थोडक्यात असा आहे : डिसेंबरात कोल्हापुरात घरचं लग्न आहे. भाचीची परदेशातली मैत्रीण आणि तिचे वडील चार दिवसांसाठी येतायत. मैत्रीण व्हीगन, वडील ज्यू आणि कोशर, म्हणजे ज्यू धर्माचे खाण्याचे नियम, पाळणारे. कोल्हापूर, पन्हाळा, नरसोबाची वाडी आणि शनिवारी लग्न असा बेत. "दोघांनाही चालेल असं एखादं चांगलं प्युअर व्हेज हॉटेल सांगा."

असं एक हॉटेल नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शोधाशोधीत तुमचे दोन दिवस वाया जाणार नाहीत. मी गेली बावीस वर्षं कोल्हापूर, पन्हाळा आणि खाली कोकणात बाहेरचे पाहुणे फिरवतो. एवढ्या काळात कोशर प्रमाणपत्र लावलेलं हॉटेल मी कोल्हापुरात पाहिलेलं नाही. व्हीगन जेवण मात्र इथं गल्लोगल्ली आहे, फक्त त्याला तसं कुणी म्हणत नाही. त्यामुळं लेकीची सोय बाहेर होईल आणि वडिलांची तुमच्या घरात. दोघांना एकाच टेबलावर बसवून एकच ताट द्यायचा हट्ट आधी सोडा. मी सुरुवातीला तो केला होता आणि दोघांनाही उपाशी ठेवलं होतं.

बहुतेकांची पहिली गल्लत इथंच होते. "दोघंही मांस खात नाहीत ना, मग झालं!" नाही झालं. व्हीगन माणूस प्राण्यापासून आलेलं काहीच खात नाही : मांस, मासे, अंडी, दूध, दही, तूप, मध, सगळंच बाद. तो कोणत्या भांड्यात शिजलं, कुणी शिजवलं हे सहसा विचारत नाही. कोशर पाळणाऱ्याचं जवळजवळ उलट असतं. त्याला दूध चालतं, मध चालतो, मासाही चालतो, फक्त त्याला पर आणि खवले हवेत. मांसही चालतं, पण जनावर फाटलेल्या खुराचं आणि रवंथ करणारं हवं, ठरलेल्या पद्धतीनं जाणकारानं कापलेलं हवं, आणि मांसासोबत दुधाचा थेंब नको. त्यांच्या धर्मग्रंथात "करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नकोस" ही आज्ञा तीनदा आली आहे. त्यावरून मांसाची भांडी वेगळी आणि दुधाची वेगळी. मग ज्या कढईत काल कुणाचं तरी काहीतरी शिजलं, त्या कढईतली साधी बटाट्याची भाजीसुद्धा काटेकोर माणूस खात नाही. म्हणजे शंभर टक्के व्हीगन असलेली मिसळ वडिलांना चालेलच असं नाही, आणि वडिलांच्या कोशर शिक्क्याच्या पाकिटातलं बिस्कीट लेकीला चालेलच असं नाही. त्यात लोणी असू शकतं.

आता लेकीकडं येऊ, ते सोपं आहे.

"शुद्ध शाकाहारी" ही पाटी तिच्या काही कामाची नाही. उलट जितकं चकचकीत प्युअर व्हेज, तितका पनीर, मलई आणि बटरचा पूर. "जैन" लिहिलेल्या पदार्थात कांदा-लसूण नसतो, तूप भरपूर असतं. उपवासाच्या पदार्थांचं तेच, साबुदाण्याच्या खिचडीला फोडणी तुपाचीच. पाकिटावरचा हिरवा ठिपकाही फसवा. दूध आणि मध असलेल्या मालावरही तो असतो. व्हीगन मालासाठी आपल्याकडं २०२२ साली वेगळे नियम आले, त्याचं चिन्ह पानाचं डहाळं असलेलं हिरवं इंग्रजी व्ही असं आहे. ते दिसलं तर उत्तम. नाही दिसलं तर पाकीट उलटं करून घटकांच्या यादीखाली ॲलर्जीची ओळ वाचा. दूध असेल तर तिथं लिहिलेलं असतं. मोठ्या यादीत "मिल्क सॉलिड्स" शोधण्यापेक्षा ही ओळ वाचणं लवकर होतं.

हॉटेलात काय विचारायचं? "व्हीगन आहे का?" हे विचारू नका. वेटर हो म्हणतो. त्याला वाटतं तुम्ही व्हेजच म्हणताय. "डेअरी नको" असंही म्हणू नका. एकदा शाहूपुरीत एका पाहुणीच्या वतीनं मी असं म्हणालो, तर पोरगं प्रामाणिकपणे म्हणालं, "आमच्याकडं डेअरीचं नसतंय ओ, दूध घरच्या म्हशीचं हाय." आपल्या जिल्ह्यात डेअरी म्हणजे सकाळ-संध्याकाळ बरणी घेऊन जायचं ठिकाण, त्याचं काय चुकलं? आणि मुख्य म्हणजे आपल्या आचाऱ्याच्या डोक्यात तूप हे दुधात मोजलंच जात नाही. दूध नको म्हटलं की तो दूध घालत नाही. तूप घालतो.

म्हणून मी तीन प्रश्न विचारतो. फोडणी कशाची? पीठ कशात मळलंय? आणि शेवटी वरून काय घालता? या तिसऱ्या प्रश्नावर माझा फार जीव आहे, कारण सगळा घात शेवटच्या पळीला होतो. हायवेच्या एका ढाब्यावर एका व्हीगन पाहुणीसाठी मी अख्खा मसूर सांगितला होता. आत जाऊन बघून आलो : तेलाची फोडणी, कांदा, टोमॅटो, आलं-लसूण, मसूर. सगळं बरोबर. ताट आलं तर मधोमध लिंबाएवढा लोण्याचा गोळा, वितळत चाललेला, कडेनं पिवळी नदी. आचारी स्वतः बाहेर आला होता, हात पुसत, हसत. म्हणाला, "परदेशी पाहुण्या हाईत, म्हटलं जरा बरं करूया." आता त्याला काय बोलणार? ते ताट मी खाल्लं, तिच्यासाठी दुसरं आलं, आणि तेव्हापासून मी "वरून काही घालू नका" हे वाक्य दोनदा म्हणतो. एकदा वेटरला, एकदा आचाऱ्याला.

तिच्या मोबाइलमध्ये हा मजकूर मराठीत घालून ठेवा, बाकी भाषांतराची ॲप्स भलतंच काहीतरी बोलतात :

"मी दूध, दही, ताक, साय, लोणी, बटर, तूप, पनीर, चीज, खवा, अंडी, मध यातलं काहीच खात नाही. कृपया भाजी तेलात करा. भाकरी, चपाती, रोटीला तूप किंवा बटर लावू नका. शेवटी वरून काहीही घालू नका. तिखट बेतानं."

शेवटची ओळ व्हीगनपणाशी संबंधित नाही, पण कोल्हापूरशी आहे.

तूप म्हटल्यावर एक बारकावा. वनस्पती तूप, ज्याला सगळे डालडा म्हणतात, ते तेलाचंच गोठवलेलं रूप. तब्येतीला ते कसं आहे हा वेगळा विषय, पण व्हीगन माणसाला चालतं. म्हणून आचारी "तुपात केलंय" म्हणाला तर "साजूक का डालडा?" असं विचारा. साखरेबद्दल परदेशी व्हीगन लोक हटकून विचारतात, कारण तिकडं काही ठिकाणी ती हाडांच्या कोळशातून गाळतात. आपल्या बहुतेक कारखान्यांत रस गंधकाच्या धुरानं स्वच्छ करतात, हाडांचा संबंध नाही. गुळाचंही तसंच. गुऱ्हाळात मळी वर आणायला रानभेंडीचा चिकट रस टाकतात, कुठं चुना. डिसेंबर म्हणजे गुऱ्हाळं ऐन भरात. तिला एखाद्या गुऱ्हाळावर नेऊन गरम काकवी चाखवा. त्यासारखं व्हीगन गोड पंचतारांकित हॉटेलात मिळायचं नाही.

आता नाश्ता. कांदेपोहे डोळे झाकून. उप्पीट विचारून, कारण काही ठिकाणी तुपावर भाजतात. इडली चालेल, पण पांढरी चटणी बघा : हॉटेलवाले खोबऱ्यात दही ढकलतात. डोसा तेलावर, लोण्याशिवाय.

मिसळ हा तिचा मुख्य आधार. मोड आलेली मटकी, शेव-चिवडा, कांदा, कोथिंबीर, लिंबू आणि वर कट. कटात कांदा, सुकं खोबरं, तीळ, लसूण, कांदा-लसूण चटणी आणि वर तेलाची तर्री, सगळं झाडाचंच. दोनच ठिकाणी लक्ष ठेवायचं. तिखट कमी लागावं म्हणून वर दही घालतात ते नको, आणि सोबतच्या ब्रेडमध्ये दुधाची पावडर असू शकते. ब्रेडच्या पाकिटावरची ओळ वाचा, नाहीतर ती नुसती चमच्यानं खाईल. कटवडा चालतो. खासबागची भेळ चालते, दही सांगू नका म्हणजे झालं. आणि येताना जयसिंगपूरचं भडंग घ्या. चुरमुरे, शेंगदाणे, लसूण, तेल, तिखट. गाडीत एक पिशवी असली की कुणी उपाशी राहत नाही.

जेवणासाठी मोठ्या हॉटेलपेक्षा घरगुती खानावळ बरी. मोठ्या हॉटेलात सकाळीच तीन पातेली ग्रेव्ही करून ठेवतात, लाल, पिवळी आणि पांढरी. पांढरीत काजू, मगज आणि बऱ्याचदा खवा किंवा साय. लाल बहुधा कांदा-टोमॅटोची. पण एकाच पळीनं सगळीकडं ढवळलेलं असतं आणि ऑर्डर आल्यावर वरून बटर. खानावळीत बाई समोर भाकरी थापत असते. ज्वारीचं पीठ, गरम पाणी, बास. झुणका, भरलं वांगं, मटकीची उसळ, खर्डा, शेंगदाण्याची चटणी, आमटी. ताटातली ताकाची वाटी आणि कोशिंबीर तेवढी बाजूला काढायची. भरतात काही बायका दही घालतात, विचारा. सोलकढी नारळाच्या दुधाची आणि कोकमाची असेल तर छानच, पण ताक मारून वाढवलेली सोलकढीही मी पाहिली आहे.

तांबडा-पांढऱ्याच्या खानावळीत "व्हेज ताट" मिळतं, पण तिथं मी व्हीगन पाहुण्यांना नेत नाही. पळी एक, फडकं एक, आणि मटणाच्या आळणी रश्शाचं पातेलं शेजारीच उकळत असतं. चुकून एक डाव पडला तर कुणाला कळणारही नाही.

मोबाइलवर शोधताना "व्हीगन" टाकू नका, फारसं काही येत नाही. हॅपीकाऊ हे व्हीगन जेवणाच्या जागा शोधायचं ॲप बाहेरगावी मी रोज वापरतो, पुण्या-मुंबईत, गोव्यात त्याचा उपयोग आहे. कोल्हापुरात मात्र नकाशावर "झुणका भाकर", "मिसळ", "घरगुती खानावळ" असं मराठीत टाका. मग लोकांनी टाकलेले फोटो उघडा, मेनूकार्ड नव्हे, ताटाचे. भाकरीवर तुपाची चकाकी दिसते का, भाजीवर पांढरी साय ओतलीय का, हे फोटोत दिसतं. मग फोन करा, आणि दुपारी साडेतीन ते पाचच्या दरम्यान करा. जेवणाच्या गर्दीत फोन उचलणारा सगळ्यालाच हो म्हणतो.

पन्हाळ्यावर झुणका-भाकरीच्या टपऱ्या आहेत. मडक्यातलं दही पुढं करतील, ते नको म्हणायचं. वाडीला मात्र पंचाईत : बासुंदी, पेढे, सगळं दुधाचं. कवठाची बर्फी कुणी नुसत्या कवठ-साखरेची करतं, कुणी खवा घालतं. विचारून घ्या. कृष्णाकाठच्या वांग्यांचं भरलं वांगं आणि भाकरी मिळाली तर तिचं जेवण झालं.

एक गोष्ट जेवणातली नाही, पण लग्नघर आहे म्हणून सांगतो. पाहुणीला मानपान म्हणून कोल्हापुरी चप्पल आणि रेशमी साडी द्यायचा विचार असेल तर थांबा. चामडं आणि रेशीम, दोन्ही तिला चालणार नाही. माझ्या एका यजमानांनी मोठ्या कौतुकानं कापशी चप्पल दिली. मुलीनं हसून घेतली आणि हॉटेलच्या खोलीत ठेवून गेली. सुती साडी द्या.

आता वडील. इथं हॉटेल शोधायचंच नाही. आधी त्यांना एक प्रश्न विचारायचा, आणि तो विचारायला लाजायचं नाही : "आमच्या शाकाहारी हॉटेलात शिजवलेलं गरम जेवण तुम्हाला चालतं का?"

उत्तर "हो" आलं तर तुमचं नव्वद टक्के काम संपलं. बरेच ज्यू प्रवासी घरी कोशर पाळतात आणि बाहेर शाकाहारी खातात. त्यांच्यासाठी आपला देश म्हणजे सुट्टी. अशा पाहुण्याला प्युअर व्हेज हॉटेल द्या, तिथं त्या पाटीला अर्थ आहे, कारण त्या स्वयंपाकघरात मांस शिजतच नाही. पनीर नको म्हणतील कदाचित, दूध कशानं फाडलं याची खात्री नसते म्हणून.

उत्तर "नाही" आलं तर नीट बसून वही काढा. काटेकोर माणसाला बाहेरचं शिजवलेलं चालत नाही. भांडं त्यांच्या नियमातलं नाही, आणि शिजवणारा ज्यू नाही. पण बऱ्याच गोष्टी चालतात आणि त्या आपल्या बाजारात ढिगानं आहेत. न कापलेली फळं : केळी, पेरू, डाळिंब, संत्री. शहाळं, समोर फोडलेलं. न भाजलेले काजू-बदाम. कच्चे तांदूळ, डाळी, मीठ, साखर, साधी चहापत्ती. आपल्याकडून परदेशी जाणाऱ्या बऱ्याच मालावर कोशर शिक्का असतो. वर्तुळात इंग्रजी यू हा सगळ्यात ओळखीचा. त्याला लागून डी असेल तर दुधाचा पदार्थ, म्हणजे वडिलांना चालेल, लेकीला नाही. "परेव्ह" लिहिलं असेल तर मांसही नाही आणि दूधही नाही, पण अंडं किंवा मासा असू शकतो. लेकीसाठी तेही वाचावं लागतं. एकाच दुकानात दोघांची खरेदी करताना माझी दरवेळी परीक्षा होते.

तयार गरम जेवण हवं तर खबाद नावाच्या ज्यू संस्थेची केंद्रं मुंबईत, पुण्यात आणि गोव्यात आहेत. प्रवाशांना कोशर जेवण मिळण्याची ती नेहमीची जागा. पाहुणे मुंबईला उतरणार असतील तर येतानाच डबे बांधून घेता येतात का, हे त्यांनाच आठवडाभर आधी विचारायला लावा. पुण्याहून कोल्हापूर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, बर्फाच्या पेटीत डबे नीट येतात. विमानातलं जेवणही आधी नोंदवावं लागतं. कोशरचा संकेत केएसएमएल, आणि लेकीसाठी व्हीजीएमएल. तिला एव्हीएमएल सांगू नका, ते आपलं हिंदुस्थानी शाकाहारी, त्यात दही-पनीर येतं.

आणि घरी शिजवायचं असेल तर? शक्य आहे. पन्हाळ्यावर एका बंगल्यात मी ते केलं आहे. सत्तरीचे एक गृहस्थ होते. मी भांडी गल्लीतून कोरं स्टीलचं पातेलं, तवा, दोन थाळ्या, सुरी आणि पळी आणली, कागद न फाडता. ते म्हणाले, "ही भांडी मला विकू नका, तुमच्याच मालकीची राहू द्या." मला कळेना. ज्यू माणसानं स्वतःच्या मालकीची नवीन धातूची भांडी घेतली तर वापरण्याआधी ती विधीच्या पाण्यात बुडवावी लागतात. दुसऱ्या धर्माच्या माणसाकडून उसनी घेतली तर गरज नाही. मग मालकी माझी, वापर त्यांचा, असं ठरलं. ती भांडी अजून माझ्या माळ्यावर वेगळ्या पोत्यात आहेत, आणि त्यात आमच्या घरात कुणी चहासुद्धा करत नाही.

दुसरं, गॅस त्यांनी स्वतः पेटवला. ज्यूंमधल्या काही परंपरांत विस्तव ज्यूनं पेटवला की बाकीचा स्वयंपाक दुसऱ्यानं केला तरी चालतो, काहींत पातेलंही त्यांनीच चुलीवर ठेवावं लागतं. तुमच्या पाहुण्यांचं कसं ते विचारा, आणि लायटर त्यांच्या हातात द्या.

मग तांदूळ निवडणं. त्यांना किडा अजिबात चालत नाही, चुकूनही नाही. पालेभाजी, कोबी, फ्लॉवर म्हणूनच ते टाळतात किंवा तासभर बघत बसतात. बंगल्याची राखण करणाऱ्या मावशींनी सूप काढलं आणि पाखडायला बसल्या. ते शेजारी खुर्ची ओढून बसले, चष्मा वर केला, आणि दोघं मिळून मसूर निवडू लागले. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती. मावशी खडा काढून दाखवायच्या, ते मान डोलवायचे. पीठ चाळायला घेतल्यावर मात्र ते उठून उभे राहिले. त्यांच्या आईकडं अशीच चाळण होती म्हणाले. त्या दिवशी खिचडी, भाजलेले पापड नको म्हणून नुसतीच, वर लिंबू आणि कच्चा कांदा. लेकीलाही तीच खिचडी देता येईल, फोडणी तेलाची ठेवली की. चार दिवसांत दोघांचं एकत्र गरम जेवण व्हावं असं वाटत असेल तर हाच रस्ता.

गोड काय करायचं असं घरातल्या बायका विचारतील. मलिदा सुचवतो. आपल्या कोकणातले बेने इस्राईल, अलिबाग-पेण पट्ट्यातले मराठी बोलणारे ज्यू. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांच्याकडं शुभकार्याला आणि नवस फेडताना मलिदा करतात : भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा, सोबत फळं. चुलीवर काही शिजवायचं नाही, दूध नाही, तूप नाही. लेकीला चालतो. वडिलांसाठी पोह्याचं पाकीट कोणतं चालेल ते त्यांना दाखवून घ्या, आणि कालवायला तेच कोरं पातेलं. चिकाचा हलवाही त्यांच्याकडं गव्हाच्या चिकात नारळाचं दूध घालून करतात, पण तो घोटायला तासभर लागतो, लग्नघरात कुणाला वेळ आहे!

दुधाबद्दल एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. फार काटेकोर ज्यू बाजारातलं दूध पीत नाहीत. दूध काढताना ज्यू माणूस बघत असला पाहिजे, त्यात भलत्या जनावराचं दूध मिसळलेलं नाही याची खात्री म्हणून. परदेशात त्यासाठी खास शिक्क्याचं दूध लागतं. त्या पन्हाळ्याच्या गृहस्थांना मी रात्री गंगावेशीत दूध कट्ट्यावर नेलं, नुसतं दाखवायला. चौकात म्हशी उभ्या, गवळी उकिडवा बसलेला, धार थेट ग्लासात, वर चार बोटं फेस. ते बराच वेळ बघत राहिले. म्हशीच्या खुराकडं बघितलं, फाटलेला. तोंडाकडं बघितलं, रवंथ चाललेलं. मग खिशातून कागदाचा कप काढला आणि गवळ्यापुढं धरला. मी म्हणालो, कच्चं आहे, पोटाला सोसायचं नाही. ते म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदा दूधवाला मला बघू देतोय. प्यायले. काही झालं नाही त्यांना. तरी तुमच्या पाहुण्यांना मी हे करायला सांगणार नाही, कच्च्या दुधाचा धोका खरा असतो. आणि लेक सोबत असेल तर तिला तिथं नेऊच नका, वासरू शेजारी बांधलेलं बघून तिचा जीव कासावीस होईल.

राहिला शनिवार, आणि तुमचं लग्न नेमकं शनिवारी आहे. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री चांदण्या दिसेपर्यंत त्यांचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस. डिसेंबरात आपल्याकडं सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे शुक्रवारी पाचपर्यंत त्यांचं शनिवारचं जेवणही तयार होऊन झाकलेलं हवं. त्यानंतर ते विस्तव पेटवणार नाहीत, दिव्याचं बटण दाबणार नाहीत, गाडीत बसणार नाहीत. त्यांना कार्यालयापासून चालत जाता येईल अशा लॉजवर उतरवा. खोली पहिल्या मजल्यावर, लिफ्ट लागू नये म्हणून. आणि दाराला जुनी लोखंडी किल्ली असलेली खोली मागा. कार्डानं उघडणारं दार शब्बाथला त्यांच्या कामाचं नाही. एका चांगल्या हॉटेलात हे मला माहीत नव्हतं म्हणून माझा पाहुणा तासभर व्हरांड्यात उभा होता, मी येईपर्यंत. रात्रभर न्हाणीघराचा दिवा चालू ठेवायला सांगा.

लग्नाच्या पंगतीत वडील बसतील, जेवणार नाहीत. त्यांना तसं बसू द्या. समोर केळी, संत्री, आणि एक शहाळं. कुणी आग्रहानं जिलबी घालायला गेलं तर तुम्ही मधे पडा. लेकीसाठी आचाऱ्याला सांगायचं : मसालेभातावर तूप सोडायच्या आधी तिच्यापुरता काढून ठेवा, अळूची पातळ भाजी, बटाट्याची भाजी आणि तेलातल्या पुऱ्या तिला चालतात, कोशिंबीर दही घालायच्या आधीची, मठ्ठा नको, जिलबीच्या पिठात दही असतं म्हणून तीही नको. हे फोनवर सांगू नका. आचाऱ्याला लग्नादिवशी सकाळी सातच्या आत गाठा, चहा पीत असतो तेव्हा. एकदा कढई चढली की तो वरमाईचंही ऐकत नाही.